कक्षेचं गणित स्वतःच्या हातानं

कक्षीय यांत्रिकीच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर पृथ्वी काढते. तिच्याभोवती ४०० किलोमीटर उंचीवर एक वर्तुळाकार कक्षा काढते आणि त्या कक्षेवर दोन ठिपके देते. दोन्ही उपग्रह एकाच दिशेनं, एकाच वेगानं फिरताहेत. एक दुसऱ्याच्या १०० किलोमीटर पुढे आहे. मागच्याला पुढच्याला गाठायचं आहे, तर त्यानं काय करावं? वर्गातून उत्तर एका सुरात येतं: इंजिन चालू करा, वेग वाढवा.

मग आम्ही गणित मांडतो. या उंचीवर उपग्रहाचा वेग सेकंदाला ७.६७ किलोमीटर असतो आणि एका फेरीला सुमारे साडेब्याण्णव मिनिटं लागतात. मागच्यानं आपला वेग सेकंदाला ६ मीटरनी वाढवला, की त्याची कक्षा मोठी होते आणि फेरी १३ सेकंद उशिरा संपते. तेवढ्यात पुढचा उपग्रह आणखी १०० किलोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे वेग वाढवून अंतर दुप्पट झालं. आता उलट करून पाहू. वेग ६ मीटरनी कमी केला, तर कक्षेची पलीकडची बाजू सुमारे २१ किलोमीटर खाली उतरते, फेरी १३ सेकंद लवकर संपते आणि फेरीअखेर दोघं शेजारी येतात. तिथं कमी केलेला वेग परत द्यायचा, की दोघंही पुन्हा एकाच कक्षेत. गाठायचं असेल तर आधी वेग कमी करायचा.

फळ्यावर शेवटचा आकडा आला की वर्ग थोडा वेळ गप्प होतो. मुलं आपापल्या वहीतलं गणित पुन्हा तपासतात. या पुस्तकाचं मूळ त्या तासात आहे. जमिनीवर चालून, सायकल चालवून, चेंडू फेकून अंगात मुरलेली समज कक्षेत चालत नाही. ती मोडावी लागते आणि तिच्या जागी दुसरी समज उभी करावी लागते. हे काम शिक्षकाच्या व्याख्यानानं होत नाही, संगणकावरच्या चित्रानंही होत नाही. विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं गणित करून, स्वतःचं उत्तर चुकलेलं पाहून, मगच ती नवी समज येते. या पुस्तकाची सगळी मांडणी या एका विश्वासावर केली आहे.

ही चूक फक्त विद्यार्थ्यांची असते असं कोणी समजू नये. ३ जून १९६५ रोजी अमेरिकेचं जेमिनी-४ यान कक्षेत गेलं. जेम्स मॅकडिव्हिट आणि एडवर्ड व्हाइट हे दोघं त्यात होते. टायटन रॉकेटचा रिकामा झालेला दुसरा टप्पा यानाजवळच तरंगत होता, आणि त्याच्या जवळ जाऊन त्याच्यासोबत फिरत राहण्याचा प्रयत्न करायचा होता. मॅकडिव्हिट निष्णात वैमानिक होते. विमानात करतात तसं त्यांनी यानाचं तोंड लक्ष्याकडे केलं आणि थ्रस्टर चालवले. टप्पा जवळ येण्याऐवजी लांब आणि खाली जाताना दिसू लागला. इंधन संपत चाललं तेव्हा प्रयत्न सोडून द्यावा लागला. त्याच्या दोन वर्षं आधी, १९६३ मध्ये, बझ ऑल्ड्रिन यांनी एमआयटीमध्ये नेमक्या याच विषयावर, कक्षेत दोन यानांची भेट कशी घडवावी यावर, डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला होता. १५ डिसेंबर १९६५ रोजी जेमिनी-६ए आणि जेमिनी-७ यांची भेट झाली आणि दोन यानं एकमेकांपासून फुटाभरावर येऊन थांबली. जूनमधलं अपयश आणि डिसेंबरमधलं यश यांत सहा महिन्यांचं अंतर आहे. यान त्याच मालिकेतलं होतं, मात्र डिसेंबरमध्ये त्यावर भेटीसाठीचं रडारही होतं. पण गणित समजून केलेली आखणी आणि तिचा कसून केलेला सराव यांनीही मोठा फरक पडला.

दुसरी एक समजूत याहून खोल रुतलेली असते. अंतराळवीर तरंगताना दिसतात, म्हणून वर गुरुत्वाकर्षण नसतं असं बहुतेकांना वाटतं. शाळेत गुरुत्वाकर्षणाचा नियम पाठ केलेल्या मुलांनाही वाटतं. ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वीय त्वरण काढून पाहा, ते जमिनीवरच्या त्वरणाच्या ८८ ते ८९ टक्के भरतं. मग उपग्रह पडत का नाही? तो पडतच असतो. जमिनीलगत कोणतीही वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. पृथ्वीचा पृष्ठभागही सरळ रेषेपासून सुमारे ७.९ किलोमीटरवर ४.९ मीटरनीच खाली वळलेला असतो. म्हणून हवेचा अडथळा नसता आणि सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगानं दगड आडवा भिरकावता आला असता, तर तो जितका पडला असता तितकीच जमीन त्याच्याखालून खाली गेली असती. उंच डोंगरावरच्या तोफेचं उदाहरण देऊन न्यूटननं हेच सांगितलं होतं. मुलांना गोफणीचा दाखला आवडतो, पण तो जपून द्यावा लागतो. गोफणीत दोरी दगडाला ओढते. इथं दोरीच्या जागी गुरुत्वाकर्षण आहे आणि ते अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं. या एका फरकातून पुढचं सगळं शास्त्र निघतं.

मग येतो केप्लर. त्याचे तीन नियम आपण नववी-दहावीत वाचतो आणि परीक्षेनंतर विसरतो, कारण ते कुठून आले हे कोणी सांगत नाही. टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी मंगळाची वर्तुळाकार मांडणी जुळवताना केप्लरला ८ कलांचा फरक आढळला. आकाशात पूर्ण चंद्राची रुंदी साधारण ३० कला दिसते, म्हणजे हा फरक चंद्राच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढा. दुसऱ्या कोणी तो निरीक्षणातला दोष मानून सोडून दिला असता. टायकोच्या मोजमापात एवढी चूक असणार नाही, यावर केप्लरचा भरवसा होता. त्या ८ कलांपायी त्यानं वर्तुळ टाकलं, आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळाचा नियम जगापुढे ठेवला. अभियंत्यासाठी यात मोठा धडा आहे. मोजमाप विश्वासाचं असेल तर लहान फरकापुढेही सिद्धान्तानं मान तुकवायची असते.

हे सगळं परक्या मुलखातलं वाटू नये म्हणून मी मुलांना घरातली दिनदर्शिका आणायला सांगते. मार्चमधल्या विषुवदिनापासून सप्टेंबरमधल्या विषुवदिनापर्यंत किती दिवस? १८६. सप्टेंबरपासून परत मार्चपर्यंत? १७९. सूर्याभोवतीची अर्धी वाट चालायला पृथ्वीला एका बाजूनं सात दिवस जास्त लागतात, कारण जुलैच्या सुरुवातीला ती सूर्यापासून सर्वात लांब असते आणि सर्वात हळू चालते. या सात दिवसांवरून पृथ्वीच्या कक्षेची उत्केंद्रता, म्हणजे ती किती लांबट आहे याचं माप, काढता येते. पूर्ण दिवसांच्या मोजणीतून ०.०१५ च्या आसपास उत्तर येतं, खरी किंमत ०.०१६७ आहे. भिंतीवरच्या कागदातून ग्रहाच्या कक्षेचा आकार निघतो हे पाहिल्यावर केप्लरचा दुसरा, समान काळात समान क्षेत्रफळाचा नियम कोणी विसरत नाही.

त्याच पंचांगात आणखी एक पुरावा आहे. २०१५ मध्ये अधिक आषाढ आला, २०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ, २०२० मध्ये अधिक आश्विन, २०२३ मध्ये अधिक श्रावण. अधिक पौष कोणी पाहिला आहे का? ज्या चांद्रमासात सूर्यसंक्रांत होत नाही तो अधिक मास. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असतो. उन्हाळा-पावसाळ्यात सूर्य हळू सरकतो, मिथुन राशीत त्याला साडेएकतीस दिवसांच्या आसपास लागतात, म्हणून दोन संक्रांतींच्या मध्ये अख्खा चांद्रमास बसू शकतो. धनु राशीत सूर्य साडेएकोणतीस दिवसांहूनही थोडा कमी राहतो, तिथं चांद्रमासाला अशी जागा मिळत नाही. क्षयमास, म्हणजे दोन संक्रांती येणारा चांद्रमास, हिवाळ्याच्या बाजूला येतो त्याचंही कारण हेच. आपल्या आजी-पणजीनं जे व्रत अधिक महिना म्हणून पाळलं, त्यामागे समान काळात समान क्षेत्रफळाचा नियम उभा होता.

ग्रहाची गती क्षणाक्षणाला बदलते ही जाण या मातीत जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापला आणि त्याला १२०७ मध्ये दान मिळालं, असा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे इथं आहे. आकाशाचं गणित शिकवण्यासाठी खानदेशात आठशे वर्षांपूर्वी पाठशाळा चालत होती, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. भास्कराचार्यांकडे गुरुत्वाकर्षणाचा व्यस्तवर्गाचा नियम नव्हता, आणि त्यांच्या नावावर तो चिकटवण्याची गरजही नाही. त्यांनी खरोखर जे केलं तेवढंच पुरेसं मोठं आहे.

कक्षा ओळखायला सहा आकडे लागतात. त्यांतले दोन कक्षेचा आकार सांगतात, तीन तिची अवकाशातली ठेवण सांगतात आणि सहावा आकडा उपग्रह त्या क्षणी कुठं आहे ते सांगतो. ठेवण सांगणारे तीन कोन मुलांना सर्वात जास्त छळतात, कारण कागदावर त्यांचं चित्र सपाट होतं. यासाठी मी परात आणि बांगडी वापरते. परातीत पाणी घ्या, पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे विषुववृत्ताची पातळी. बांगडी तिरकी धरून अर्धी बुडवा. ती जितकी तिरकी तितका कक्षेचा कल. बांगडी पाण्यातून जिथं वर येते तो आरोही पात, जिथं पाण्यात शिरते तो अवरोही पात. परातीच्या काठावरच्या एका ठरलेल्या दिशेपासून आरोही पातापर्यंतचा कोन हा दुसरा. आता बांगडी न हलवता तिच्यावर एक खूण करा, ते उपभू, म्हणजे पृथ्वीच्या सर्वात जवळचं स्थान. आरोही पातापासून त्या खुणेपर्यंतचा कोन हा तिसरा. पाच मिनिटांत जे कळतं ते तीन पानी व्याख्यांनी कळत नाही.

पात हा शब्दही आपल्याला नवा नाही. राहू आणि केतू म्हणजे चंद्राच्या कक्षेचे क्रांतिवृत्तावरचे दोन पात. पंचांगात ते नेहमी वक्री असतात, कारण सूर्याच्या ओढीमुळे हे पात मागे सरकत राहतात आणि १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात. कृत्रिम उपग्रहांचे पातही सरकतात, पण कारण वेगळं असतं. पृथ्वी पूर्ण गोल नाही. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरनी मोठी आहे, आणि हा फुगवटा उपग्रहाच्या कक्षेला हळूहळू फिरवतो. पृथ्वी-निरीक्षणाचे उपग्रह या दोषाचा उपयोग करून घेतात. कल ९८ अंशांच्या आसपास ठेवला, तर कक्षा रोज ०.९८५६ अंश पूर्वेकडे फिरते, म्हणजे वर्षात बरोबर एक फेरी. मग सूर्याशी तिचा कोन कायम राहतो आणि उपग्रह एका गावावरून जेव्हा जातो तेव्हा तिथं घड्याळात जवळजवळ तीच वेळ असते. सावल्या सारख्या पडतात, आणि यंदाच्या पिकाचं छायाचित्र गेल्या वर्षीच्या छायाचित्राशी ताडून पाहता येतं. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, एक किलोच्या आतला ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी आणि आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ २६ सप्टेंबर २०१६ रोजी अशाच सूर्यसमकालिक कक्षांत गेले. ते बनवणारे हात विद्यार्थ्यांचे होते, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या वर्गाला सांगते.

या पुस्तकातला सर्वात मोठा भाग मंगळयानाला दिला आहे, आणि त्याला कारण आहे. एका कक्षेतून दुसऱ्या कक्षेत कमीत कमी इंधनात कसं जावं, याचं उत्तर वॉल्टर होमान या जर्मन अभियंत्यानं १९२५ मध्येच पुस्तकरूपानं दिलं होतं: दोन्ही कक्षांना स्पर्श करणारं अर्धं लंबवर्तुळ. पाठ्यपुस्तकांत ते अर्ध्या पानात संपतं. मंगळयानात ते जिवंत दिसतं. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी पीएसएलव्हीनं यानाला पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं. थेट मंगळाकडे फेकण्याइतकी ताकद त्या रॉकेटमध्ये नव्हती. म्हणून यानानं स्वतःच्या इंजिनानं, दर वेळी उपभूपाशी, कक्षा लांबवत नेली. उपभूपाशीच का? तिथं वेग सर्वात जास्त असतो, आणि वेग जास्त असताना दिलेला तेवढाच धक्का यानाची ऊर्जा जास्त वाढवतो.

११ नोव्हेंबरला चौथ्या वेळी इंजिन अपेक्षेप्रमाणे चाललं नाही. सेकंदाला १३० मीटर वेग मिळायचा तिथं ३५ मीटर मिळाला, आणि अपभू, म्हणजे पृथ्वीपासून सर्वात लांबचं स्थान, ७१,६२३ किलोमीटरवरून ७८,२७६ पर्यंतच पोचलं. दुसऱ्या दिवशी सेकंदाला सुमारे १२५ मीटरची भर घालून ते १,१८,६४२ किलोमीटरवर नेलं. हे आकडे मी मुलांना देते आणि ऊर्जेचं एकच समीकरण वापरायला सांगते. उपभू २५० किलोमीटरच्या आसपास धरून केलेलं गणित दोन्ही वेळा खऱ्या आकड्याच्या एक टक्क्याच्या आत येतं. बातम्यांत ऐकलेली मोहीम आपल्या वहीत उतरली, हा अनुभव ज्या विद्यार्थ्यानं घेतला तो या विषयाला पुन्हा घाबरत नाही. शिवाय अडचण आली तेव्हा इस्रोच्या अभियंत्यांनी रातोरात काय मोजलं असेल, हेही त्याला उमगतं.

पुढे १ डिसेंबर २०१३ रोजी यानानं पृथ्वी सोडली आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत शिरलं. तिथं इंजिन सुमारे २४ मिनिटं चालवून वेग सेकंदाला जवळपास १,१०० मीटरनी कमी करायचा होता. रेडिओ संदेश पोचायलाच साडेबारा मिनिटं लागत होती, म्हणून सगळ्या आज्ञा आधीच यानात भरून ठेवल्या होत्या. त्या सकाळी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. जे करायचं ते गणित कधीच करून झालं होतं.

आता पुस्तकाच्या वापराबद्दल. प्रत्येक प्रकरणातली पहिली उदाहरणं साध्या गणकयंत्रावर करायची आहेत. केप्लरचं समीकरण सरळ सुटत नाही, पुन्हा पुन्हा किंमत घालून उत्तराजवळ सरकावं लागतं. त्याचा तक्ता निदान एकदा तरी हातानं भरा. उत्केंद्रता कमी असेल तर दोन-तीन ओळींत उत्तर येतं. ती वाढली की ओळी वाढतात. का वाढतात, हे हातानं केल्याशिवाय कळत नाही. त्यानंतरच संगणकाकडे वळा. आज्ञावली लिहिणं आवश्यकच आहे, खऱ्या मोहिमेचं काम तिच्याविना होत नाही. पण आलेलं उत्तर शक्य आहे की अशक्य, हे ओळखण्याची नजर माणसालाच कमवावी लागते.

एककांकडे दुर्लक्ष करू नका. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचून नष्ट झालं, कारण एका संगणकप्रणालीनं आवेग पौंड-सेकंदात दिला आणि दुसरीनं तो न्यूटन-सेकंदात आहे असं धरलं. दोन एककांत ४.४५ पटींचा फरक आहे. वहीत एकक न लिहिलेल्या उत्तराला मी गुण देत नाही. त्यावर विद्यार्थी कधी नाराज होतात, तरीही मी हा नियम बदललेला नाही.

परिभाषेबद्दल एक शब्द. उपभू, अपभू, पात, कल, उत्केंद्रता, नाभी हे शब्द मराठीत सोयीचे आहेत, म्हणून ते घेतले. थ्रस्टर, रॉकेट, डेल्टा-व्ही हे वर्गात आणि कामाच्या ठिकाणी जसे बोलले जातात तसेच ठेवले. विद्यार्थ्याला पुढे परीक्षा आणि नोकरी इंग्रजीतून करायची आहे, याची मला जाणीव आहे. तरीही गुंतागुंतीची गोष्ट पहिल्यांदा डोक्यात शिरते ती ज्या भाषेत आपण घरी वाद घालतो त्या भाषेत, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं आहे. शेवटच्या बाकावरची, प्रश्न विचारायला कचरणारी तालुक्याच्या गावची मुलं मराठीत प्रश्न विचारा म्हटल्यावर जे प्रश्न विचारतात, त्यांतले काही या पुस्तकात जसेच्या तसे घेतले आहेत. ते या पुस्तकाचे सहलेखकच आहेत.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. विद्यार्थ्याचं चुकीचं उत्तर लगेच दुरुस्त करू नका. ते फळ्यावर लिहून घ्या आणि त्याच उत्तरानं उपग्रह कुठं जाऊन पोचतो ते त्याला मोजू द्या. तास थोडा लांबेल, अभ्यासक्रमातलं एखादं प्रकरण घाईनं उरकावं लागेल, पण तो विद्यार्थी ती गोष्ट जन्मात विसरणार नाही.

आणि विद्यार्थ्यांना सांगायचं ते एवढंच. हे पुस्तक नुसतं वाचू नका. शेजारी कोरी वही आणि टोक केलेली पेन्सिल ठेवा. पहिल्या पानावर तेच दोन उपग्रह आहेत, १०० किलोमीटर अंतरावर. पान उलटण्याआधी उत्तर काढा.